माऊली, आ करा

आळंदीत पहाटे काकडा सुरू व्हायच्या आधी घसे सुरू होतात. पखवाजाच्या धुमेला अजून कणीक लागलेली नसते, टाळ खुंटीवरच असतात. पण धर्मशाळांच्या मोऱ्यांमधून आणि वारकरी विद्यार्थ्यांच्या खोल्यांमागच्या नळांवरून खाकरण्याचे आवाज येऊ लागतात. बारीक, जाड, कोरडे, ओले. एखादं खाकरणं इतकं लांबतं की वाटावं, आता या माणसाच्या आत काही शिल्लक उरलं नसणार. तेवढ्यात तो नव्या दमाने पहिल्यापासून सुरुवात करतो.

गावच घशावर जगणारं. जोग महाराजांनी 1917 साली इथे वारकरी शिक्षण संस्था काढली. तेव्हापासून गळा तयार करायला मुलं येतच राहिली, आणि आता तर गल्लोगल्ली लहानमोठ्या संस्था आहेत. दहा-बारा वर्षांची पोरं कपाळाला गंध-बुक्का लावून पाठांतर करतात, चाली बसवतात, संध्याकाळी हरिपाठाला उभी राहतात. इथे गुडघा दुखला तर निभावून नेता येतं. घसा बसला तर थेट पोटावर येतं. आणि त्याच घशाकडे दुसऱ्या अंगाने चाकणचा रस्ता येतो, मोशीचा येतो, मरकळचा येतो. कंटेनर येतात. चऱ्होलीकडच्या नव्या इमारतींची सिमेंटची धूळ येते. नाम आणि धूळ, दोघांनाही जाण्यायेण्याला वाट तेवढी एकच.

तर माझी तक्रार साधी होती. घशात काहीतरी अडकलंय. गिळलं तर जात नाही, काढलं तर येत नाही. सकाळी जास्त, आडवं झालं की त्याहून जास्त. गावात याला सरसकट ‘सायनस’ म्हणतात. “मला सायनस आहे,” असं माणूस जरा अभिमानानेच सांगतो. वास्तविक सायनस सगळ्यांनाच असतात. कपाळाच्या आणि गालांच्या हाडांतल्या त्या पोकळ्या, देवाने दिलेल्या. पण हे बोलून दाखवलं की समोरचा दुखावतो.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावली. “माऊली, आ करा.” आळंदीच्या पंचक्रोशीत सगळेच एकमेकांना माऊली म्हणतात, रिक्षावाला, भाजीवाली, दारात उभा राहिलेला वसुलीवाला, सगळे. त्यामुळे जीभ चमच्याने दाबली जात असतानाही माणसाला मान मिळतो. डॉक्टरांनी घशाच्या मागच्या भिंतीकडे बघितलं, मग दुर्बिणीच्या बारीक नळीने नाकात बघितलं आणि म्हणाले, “नाकामागून घशात उतरतंय. पोस्टनेझल ड्रिप. पण ते तसं सगळ्यांचंच उतरतं. तुम्हाला कळतंय, एवढाच फरक.”

हे वाक्य मला आवडलं, आणि घरी येऊन मी त्याच्या मागे लागलो.

नाक आणि सायनस मिळून दिवसाला साधारण लिटरभर पातळ श्लेष्म तयार करतात, असं वैद्यकाच्या पुस्तकात असतं. आपण त्याला शेंबूड म्हणून हिणवतो. त्यातलं पंचाण्णव टक्के पाणी, उरलेल्यात थोडं मीठ आणि चिकटपणा आणणारी प्रथिनं. हा चिकट थर हवेतली धूळ, जंतू, परागकण पकडतो. त्याच्याखाली नाकाच्या अस्तरावर सूक्ष्म केसांची दाट लव असते. ती सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलते आणि वरचा थर मिनिटाला पाच-सहा मिलिमीटर अशा गतीने मागे, घशाकडे सरकवते. तिथून आपण तो गिळतो आणि पोटातलं आम्ल त्याचा निकाल लावतं. चाकणच्या कारखान्यात उमेदीची वर्षं गेल्यामुळे मला ही व्यवस्था ऐकताच ओळखीची वाटली: लाइन चालू असते तोवर तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, वेग जरा कमी झाला, माल जरा जाड आला, की सुपरवायझरपासून साहेबांपर्यंत सगळे तिच्याभोवती गोळा.

ही गती मोजायची डॉक्टरांची एक गमतीशीर तपासणी आहे. नाकात थोडं आत सॅकरीनचा बारीक कण ठेवतात आणि माणसाला गप्प बसवतात. शिंकायचं नाही, नाक ओढायचं नाही. अस्तराची लव नीट काम करत असेल तर साधारण वीसेक मिनिटांच्या आत घशाला गोड लागतं. नाकाने साखर खायची ही एकच अधिकृत रीत असावी.

शेंबडाला प्रतिष्ठा मिळवून देण्याचं मोठं काम अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी केलं. पेनिसिलीन सापडायच्या सातेक वर्षं आधी, 1921 मध्ये, त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी आपल्याच नाकातला स्राव जंतू वाढवायच्या बशीत टाकला आणि काही दिवसांनी पाहिलं, तर त्याच्या आसपासचे जंतू विरघळलेले. त्या द्रव्याला त्यांनी लायसोझाइम नाव दिलं. अश्रूंमध्येही तेच असतं. कवींनी अश्रूंवर केवढं लिहिलं! त्यांच्या या सख्ख्या भावंडाकडे मात्र कुणी बघितलं नाही.

हा स्राव येतो कुठून, यावरही फार काळ घोळ होता. युरोपात शतकानुशतकं समज असा की, मेंदू गार पडला की त्यातलं पाणी खाली नाकात गळतं. 1660 च्या सुमाराला विटेनबर्गच्या कॉनराड श्नायडर यांनी दाखवलं की मेंदूचा आणि या पाण्याचा काही संबंध नाही, ते नाकाच्या अस्तरातच तयार होतं. श्नायडर यांचं म्हणणं आमच्या आत्यापर्यंत पोचलेलं नाही. “डोक्यावरून गार पाणी घेतलंस ना? डोक्यातली सर्दी घशात उतरली,” हे तिचं निदान अजून कायम आहे. आत्या शहाण्णव कुळी ठामपणाने बोलते, त्यामुळे श्नायडरचा पुरावा तिच्यापुढे काढायचं धाडस मला झालेलं नाही.

मग बिघडतं काय? कधी स्राव वाढतो, कधी घट्ट होतो, कधी लव मंदावते. आणि बऱ्याचदा यातलं काहीच झालेलं नसतं. घसाच चिडका झालेला असतो, नेहमीचंच ओझं त्याला भारी वाटू लागतं. हे शेवटचं कारण रोग्याला अजिबात पटत नाही. ‘तुमच्या घशात काही नाही’ हे ऐकायला कुणी फी भरत नसतो.

आळंदीत कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. पहिलं, धुळीतले कीटक, म्हणजे गादी-उशी-गोधडीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे. ज्या गोधडीवर चार कार्तिक्या झोपून गेल्या, तिच्यात त्यांची केवढी वस्ती असेल! या बाबतीत उन्हाळ्यात गाद्या-गोधड्या गच्चीवर टाकून काठीने झोडपणाऱ्या आमच्या आया शास्त्रशुद्ध होत्या. त्या झोडपताना शेजारी उभा राहणारा पोरगा मात्र शिंकत सुटायचा. उशीचे अभ्रे, चादरी आठवड्याला कडक पाण्यात धुवाव्यात, हा डॉक्टरांचा सल्लाही त्याच घराण्यातला.

दुसरं, गाजर गवत. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सांगतात, आणि भारतात त्याची पहिली ठळक नोंद झाली ती आपल्या पुण्यातच, 1955 च्या आसपास. आज मोकळा प्लॉट दिसला की त्याची पांढरी फुलं डुलताना दिसतात. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या प्लॉटमध्ये मालकाच्या आधी तेच राहायला येतं. त्याचे परागकण नाकाला झोंबतात, त्वचेलाही.

तिसरं सांगताना जरा जपून बोलायला हवं, कारण ते बुक्का, उदबत्ती आणि धूप आहेत. इथली अ‍ॅलर्जी म्हणजे भक्तीतली त्रुटी नव्हे. काही नाकांना बारीक पूड, उग्र वास, धूर नुसत्या स्पर्शानेच सोसत नाही. तशीच पहाटेच्या गार हवेने किंवा झणझणीत रश्शाने नळ सुरू होणारी नाकंही असतात. हरिपाठाला येणारा एक टाळकरी आहे. बुक्का लावताना तो बोट आधी ओलं करतो, मग कपाळाला टेकवतो. बाकीचे चिमूट धरून लावतात तेव्हा काळ्या पुडीचा बारीकसा लोट नाकाच्या शेंड्यावरून खाली येतो. ओल्या बोटाने तो उठत नाही. तीन जणांनी त्याच्याकडून ही युक्ती उचलली आणि चौथ्याने तिला थेट परंपरा म्हणून जाहीर केलं.

चौथं कारण पोटातून वर येतं. कीर्तन रात्री उशिरा संपतं, मग पंगत, मग लगेच पथारी. जठरातलं आम्ल आडव्या माणसाच्या घशापर्यंत चढतं आणि घसा खवखवतो. छातीत जळजळ होतेच असं नाही. त्यामुळे दोष नाकावर जातो. एकादशीलाही सुटका नाही. साबुदाणा, शेंगदाणे, बटाट्याच्या चकत्या: एकादशी आणि दुप्पट खाशी! जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, असं डॉक्टर सांगतात. सप्ताहात ते कसं ठेवायचं, हे त्यांनाही ठाऊक नाही.

आता उपाय. आळंदीत चहाच्या टपरीवर घसा खाकरून बघा. चहा येण्याआधी पाच उपचार येतात. दही बंद करा. केळं बंद करा. पंखा बंद करा. दूध तर पहिलं बंद करा, दुधाने कफ होतो. या दुधाची 1990 मध्ये ऑस्ट्रेलियात चौकशी झाली. तिथे काही निरोगी लोकांना मुद्दाम सर्दीचा विषाणू दिला, त्यांनी किती दूध प्यायलं आणि नाकातून किती स्राव आला ते मोजलं, आणि दोहोंचा संबंध सापडला नाही. दूध लाळेत मिसळून क्षणभर घशाला दाट लागतं, एवढंच. हे मी टपरीवर सांगितलं. टपरीवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की दुसरा कप बिनदुधाचा येणार, हे नक्की झालं.

सगळे घरगुती उपाय टाकाऊ नसतात. अडुळशावरून तर आधुनिक औषध निघालं आहे; खोकल्याच्या बऱ्याच औषधांत असणारं ब्रोमहेक्झीन हे अडुळशातल्या व्हॅसिसीनवरून बेतलेलं आहे. ज्येष्ठमध चघळलं की लाळ सुटते, घसा ओला राहतो. गरम पाणी, वाफारा यांनी तात्पुरतं हलकं वाटतं. पण ‘पाच दिवस अँटिबायोटिक घेऊन टाकतो’ हा जो शिक्षित उपाय आहे, तो मात्र बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतो. कारण इथे मारायला जंतूच नसतात.

आणि थेंब. नाक लगेच मोकळं करणारे ते थेंब अनेकांच्या खिशात असतात. नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, दार उघडतं. पण चार-पाच दिवसांहून जास्त वापरले की उतार पडताच नाक आधीपेक्षा घट्ट बंद होतं, म्हणून पुन्हा थेंब. आमच्या ओळखीचे एक सद्‌गृहस्थ वारीला निघताना तुळशीची माळ, पताका आणि थेंबांची बाटली एवढं विसरत नाहीत. त्यांना औषधाच्या दुकानातल्या पोराने एकदा हात जोडून सांगितलं, “माऊली, हे नेहमीचं नाही हो.” ते म्हणाले, “मी कुठे नेहमी घेतो? बंद झालं की घेतो.”

खरा आधार दोन गोष्टींचा. एक मिठाचं पाणी, दुसरा स्टेरॉइडचा स्प्रे.

मिठाचं पाणी आपल्या घरचंच. हठयोगात शरीर शुद्ध करायच्या सहा क्रिया आहेत, त्यात नेती आहे. जुन्या ग्रंथात दोऱ्याची नेती सांगितलेली, पाण्याची आज जास्त चालते. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत, क्ष-किरणांखाली तपासायला घेतल्या. त्याच लोणावळ्याजवळच्या डोंगरात आमची इंद्रायणी उगम पावते आणि देहूवरून आळंदीला येते. येताना तिच्यात काय काय मिसळतं ते नदीवर तरंगणाऱ्या पांढऱ्या फेसाच्या छायाचित्रासह अलीकडे वर्तमानपत्रांत आलेलं आहे. म्हणून सांगतो, क्रिया लोणावळ्याची घ्या, पाणी तिथून वाहत आलेलं घेऊ नका. नळाचंही थेट नको, आरओचंही नको. पाणी उकळायचं आणि कोमट होऊ द्यायचं. गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा एक अमीबा असू शकतो. प्यायल्याने त्याचं काही होत नाही, पण नाकावाटे तो मेंदूपर्यंत जातो आणि मग माणूस क्वचितच वाचतो. फार विरळ आहे हे, पण केरळात 2024 पासून अशा रुग्णांच्या बातम्या येत राहिल्या आहेत.

पाव लिटर पाण्याला अर्ध्या चहाच्या चमच्याहून किंचित कमी मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. चव अश्रूंइतकी खारट लागली की जमलं. फिकं झालं तर झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं. वॉशबेसिनवर वाकायचं, मान एका कुशीला कलती करायची, तोंड उघडं ठेवून तोंडाने श्वास घ्यायचा, आणि वरच्या नाकपुडीत लोट्याची तोटी लावायची. थोड्या वेळाने खालच्या नाकपुडीतून धार सुरू होते. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा चमत्कार वाटतो. माझ्या नातवाने तर शेजारच्या दोन मित्रांना बोलावून आणलं. संपल्यावर वाकूनच, हलक्या हाताने एकेक नाकपुडी शिंकरायची. जोरात शिंकरलं की पाणी कानाकडे जातं. नाक पूर्ण चोंदलेलं असेल किंवा कान दुखत असेल, तर त्या दिवशी लोटा बाजूला.

स्प्रेबद्दल लोकांना दोन भीती असतात: स्टेरॉइड हे नाव, आणि सवय लागेल ही शंका. नाकातल्या स्प्रेची मात्रा फार थोडी असते आणि ती बहुतांशी तिथल्या तिथे काम करते. खरी अडचण निराळी. तो थेंबांसारखा लगेच काही दाखवत नाही. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, रोज मारावा लागतो, आणि तिसऱ्या दिवशी माणूस ‘काही उपयोग नाही’ म्हणून बाटली फडताळात ठेवतो. मारायची पद्धतही बरोबर हवी. आमच्याकडे पहिल्या दिवशी मी मान मागे टाकून छताकडे बघत फवारा मारला.

“अहो, वर कुठे बघताय? पंखा पुसायचाय का?” बायको म्हणाली. तिने कागद वाचला होता. आमच्या घरात औषधाच्या खोक्यातला कागद वाचायचं काम तिचं. “मान थोडी खाली. डाव्या नाकपुडीला उजवा हात. बाटलीचं तोंड कानाकडे करायचं, मधल्या पडद्याकडे नाही. हळू ओढा. एवढ्या जोराने ओढलंत तर सगळं पोटात.”

मधल्या पडद्यावर रोज फवारा बसला तर नाकातून रक्त येऊ शकतं, म्हणून ही हातांची अदलाबदल. नाकाचं हाड वाकडं असेल तरी घाबरायचं कारण नाही. थोडंफार वाकडं बहुतेकांचंच असतं, आणि ते सरळ करून घेतल्याने घशातलं उतरणं थांबेलच असं नाही. झोप न आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी काहींना सोबत लागते, आम्ल चढत असेल तर त्याचं औषध वेगळं. एकाच बाजूने घाण वासाचा स्राव, रक्त, ताप, गिळताना अडकणं, किंवा तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज दिसला तर मात्र हे सगळं वाचत बसू नये, डॉक्टरकडे जावं. एकाच नाकपुडीतून, विशेषतः डोक्याला मार लागल्यावर, स्वच्छ पाणी गळत राहिलं तरीही.

सगळ्यात अवघड गोष्ट निघाली ती औषधाबाहेरची. डॉक्टरांनी सांगितलं, खाकरणं सोडा. खाकरताना स्वरयंत्राच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटतात, त्यांना सूज येते, सुजेमुळे तिथे काहीतरी असल्यासारखं वाटतं, म्हणून माणूस पुन्हा खाकरतो. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्या, नाहीतर कोरडं गिळा. वाचायला सोपं आहे. पण खाकरणं ही आपल्याकडे घशाची क्रिया कधी नव्हतीच. वाड्यात सासरे मधल्या दारातून आत येण्याआधी खाकरत, म्हणजे सुना पदर सावरून घेत. पाहुणा अंगणात खाकरला की कडी काढायची. बैठकीत एखादं बोलणं भलत्या वळणाला लागलं की कोपऱ्यातला वडीलधारा खाकरतो आणि विषय बदलतो. कीर्तनकारही उभे राहिले की पहिलं खाकरतात, त्याशिवाय सभेला सुरुवात झाल्यासारखी वाटत नाही. मी एका ओळखीच्या बुवांना हे पाण्याच्या घोटाचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “माऊली, चरण म्हणताना घसा भरला तर मी हात वर करतो, टाळकरी धरतात, मी घोट घेतो. हे मला गुरूंनी शिकवलं होतं. पण खाकरू नको, असं ते म्हणाले नव्हते. ते स्वतः खाकरायचे.”

कार्तिकीला आमच्याकडे परभणीकडचे एक वारकरी उतरतात. वद्य एकादशीच्या आधी येतात आणि त्रयोदशीचा समाधी सोहळा उरकला की निघतात. ज्ञानेश्वरांच्या समाधीला सातशे वर्षं होऊन गेली, ते मात्र काल घडल्यासारखे हळवे होतात. या वेळी ते पहाटे मोरीत बराच वेळ खाकरताना ऐकले, तसा मी चहाबरोबर त्यांना सगळं सांगितलं: लव कशी हलते, गोधडीतले कीटक, मीठ किती, मान कशी, नेग्लेरिया. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग उठून पडशीत हात घातला आणि तांब्याचा एक लोटा काढला, निमुळत्या तोटीचा, तळाशी ठोके पडलेला.

“हा आमच्या आजाचा,” ते म्हणाले. “रोज करतो, घरी विहिरीच्या पाण्याने. पण तुम्ही ते अमीबाचं सांगितलंत, तर असं करा, वहिनींना म्हणावं, इथे असेपर्यंत माझं पाणी उकळून द्या.”

बायकोने आतून ऐकलं. कार्तिकीची गर्दी, घरात अकरा माणसं, गॅसवर आधीच चहाचं मोठं पातेलं. ती दारात आली, माझ्याकडे बघितलं आणि सवयीने खाकरली.